राखणदारांची यादी

लिनक्स ह्या संगणक-प्रणालीच्या गाभ्याला जाणकार कर्नल म्हणतात. त्या कर्नलच्या मूळ संहितेसोबत एक साधी मजकुराची फाइल येते. तिचे नाव 'मेंटेनर्स'. आम्ही तिला राखणदारांची यादी म्हणतो. कोकणातल्या गावांत वेशीवरच्या राखणदाराला दरसाल नारळ देण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्या शब्दाची छटा निराळी सांगावी लागणार नाही. कर्नलमध्ये आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्यांतला कोणता भाग कोणाच्या हवाली आहे ते ह्या यादीत नोंदलेले असते, आणि प्रत्येक नोंदीखाली त्या भागाची सद्यःस्थिती एकदोन शब्दांत दिलेली असते. अशा स्थिती मुख्यतः पाच. पहिली, कोणीतरी वेतन घेऊन हे काम पाहतो आहे. दुसरी, वेतन असो वा नसो, कोणीतरी खरोखर पाहतो आहे. तिसरी, राखणदार आहे, पण त्याला सवड नाही. अधूनमधून डागडुजी होते. चौथी, अनाथ. पाचवी, कालबाह्य, म्हणजे ह्याची जागा दुसऱ्या, अधिक चांगल्या व्यवस्थेने घेतली आहे, आपण तिकडे जावे.

मराठी साहित्य शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या मंडळींनी ही यादी एकदा तरी वाचावी असे आम्हांस वाटते. आमच्या अभ्यासक्रमांना, वाङ्मयेतिहासांना आणि ग्रंथालयांच्या तालिकांना अशी यादी जोडलेली नसते. तेथे सारेच एका आकाराच्या अक्षरांत छापलेले असते. त्यातले कोणते आजही कोणाच्या वाचनात आहे आणि कोणते केवळ छापलेले राहिले आहे, हे कळावयास मार्ग नसतो. संगणकाच्या जगात हा प्रश्न टाळता येत नाही. तेथे तो टाळला तर यंत्र बंद पडते. म्हणून त्या लोकांनी त्याचा जो विचार केला आहे तो आपल्या कामाचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आमचा आणि कर्नलचा संबंध येण्याचे तसे कारण नव्हते. तो आला एका पत्र्याच्या पेटीमुळे. आमचे एक दिवंगत स्नेही ठाणे-बेलापूर पट्ट्यात मराठीचे अध्यापक होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते आणि मिठागरे जाऊन सेक्टर आले. गावठाणे तेवढी मध्येमध्ये उरली. ह्या गावठाणांतून, घणसोली, कोपरखैरणे, करावे, शिरवणे अशा ठिकाणी, आगरी लग्नांत धवलारणी जे धवले गातात ते आमचे स्नेही उतरवून घेत असत. धवलारीण ही नुसती गाणारी बाई नव्हे. लग्नातल्या एकेका विधीला तिच्या गाण्याची साथ लागते, आणि एके काळी लग्न लावण्याचा मानच तिचा होता. महदंबेच्या धवळ्यांपासून मराठी काव्याचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हां लोकांना तेराव्या शतकातला धवळा ठाऊक असतो आणि खाडीकाठी कानांवर पडणारा धवला ठाऊक नसतो, ह्या विसंगतीचा त्यांना मनस्वी राग होता.

हा संग्रह त्यांनी १९९० च्या आसपास एका कचेरीतल्या संगणकावर, कामाची वेळ संपल्यावर, रोज तासभर बसून टंकला. त्या काळी संगणकावर मराठी लिहिण्याचा एक मार्ग म्हणजे जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेत आले; ती संस्था १९८८ मधली. संगणकाच्या पोटात ही पाटी खोचली की डॉसवर चालणाऱ्या, मुळात केवळ रोमन अक्षरे जाणणाऱ्या आज्ञावलींतही देवनागरी उमटे. मजकूर साठवला जाई तो इस्की नावाच्या संकेतात. १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि आज आपण ज्या युनिकोडमध्ये लिहितो त्यातली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट पुरे; युनिकोडच्या आज रूढ असलेल्या साठवणीत देवनागरीच्या चिन्हाला तीन लागतात. सव्वापाच इंची, ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर त्यामुळे बरेच मराठी मावत असे.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर वहिनींनी ती पेटी आमच्या हवाली केली. "ह्यांचं सगळं ह्यात आहे असं म्हणायचे. तुम्ही बघा काय ते," एवढेच त्या बोलल्या. पेटीत चौदा फ्लॉप्या होत्या. काहींवर बुरशीची पांढरी नक्षी उमटली होती. खाडीकाठच्या हवेत पुस्तकाचे जे होते तेच त्यांचेही झाले होते.

महापे येथे नोकरी करणारा आमचा एक जुना विद्यार्थी ह्या कामात मदतीला आला. त्याच्याकडून जे शिकलो ते असे. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडावयाचे वाचक-यंत्र मिळते. त्याला कर्नलमधला निराळा, नेहमी वापरात असलेला ड्रायव्हर चालतो. सव्वापाच इंचीच्या नशिबी ते सुख नाही. तिच्यासाठी तिच्या मापाचा जुना ड्राइव्ह हवा, फ्लॉपी जोडण्याची सोय असलेला जुना मदरबोर्ड हवा, त्या दोहोंना जोडणारी चपटी, रुंद तारपट्टी हवी. आणि कर्नलमध्ये त्या यंत्राशी बोलणारा जुना ड्रायव्हर हवा. ड्राइव्हमधल्या चुंबकीय खुणा थेट टिपून घेणाऱ्या नव्या पाट्याही निघाल्या आहेत, पण जुना ड्राइव्ह त्यांनाही लागतोच. तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे यंत्र मिळाले, ड्राइव्ह दुसरीकडे मिळाला. ड्रायव्हरचे काय, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. पण आहे म्हणजे चालतोच असं नाही. चालवून बघावं लागेल."

हे वाक्य आमच्या डोक्यातून अद्याप गेलेले नाही. असणे आणि चालणे ह्यांत फरक आहे, हे यंत्राविषयी कोणासही पटेल. पण येथे यंत्राविषयी बोलणे नव्हते, लिखित मजकुराविषयी होते. फ्लॉपीचा ड्रायव्हर म्हणजे सुमारे पाच हजार ओळींची एक संहिता. ती आम्ही उघडून पाहिली. आज्ञावलीची भाषा आम्हांस येत नाही, पण तिच्या माथ्यावर १९९१ आणि त्यापुढच्या तारखा घालून लिहिलेल्या टिपा आहेत: कोणत्या दिवशी काय बदलले, कोणी बदलले, कोठे सावध राहावे. जुन्या पोथीच्या समासात लेखकू जशा खुणा करून ठेवतो तशाच. पहिल्या टिपा खुद्द लिनस टोरवाल्ड्स ह्यांच्या, म्हणजे लिनक्सच्या आद्य कर्त्याच्या. पुढचे हात निराळे.

ह्या ड्रायव्हरच्या चरित्रात २०१९ हे वर्ष महत्त्वाचे. तोवर जे गृहस्थ त्याचे राखणदार होते त्यांच्याकडे चालू स्थितीतला खरा फ्लॉपी-ड्राइव्हच उरला नव्हता. त्यांनी तसे सांगितले आणि त्या जुलैत टोरवाल्ड्स ह्यांनी यादीत त्या नोंदीपुढे 'अनाथ' असा शब्द घातला. सोबत कारणही लिहिले: चालणारे यंत्र मिळणेच अवघड झाले आहे, तरी आभासी संगणकांत ह्या जुन्या कंट्रोलरची नक्कल अजून वापरली जाते, म्हणून ड्रायव्हर काढून टाकलेला नाही, कोणी पुढे येते का ते पाहू. त्याच वर्षी डेनिस एफ्रेमोव्ह नावाचे एक विकासक पुढे आले आणि 'अनाथ' हा शब्द जाऊन त्या जागी 'अधूनमधून डागडुजी' असे आले.

येथे साहित्याचा वाचक विचारील की ज्याचा कोणाला उपद्रव नाही ते राहू द्यावे, एवढा ऊहापोह कशाला? पाच हजार ओळींना जागा ती किती लागते? आमचाही पहिला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर दुहेरी आहे.

पहिला भाग श्रमाचा. कर्नलच्या अंतर्गत रचनेत सतत बदल होत असतात. मध्यवर्ती भागातली एखादी जोडणी बदलली की तिच्यावर विसंबलेला प्रत्येक ड्रायव्हर बदलणाऱ्यानेच सुधारून द्यावा, असा तेथील रिवाज आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात फ्लॉपी पाहिलेली नाही असा तरुण विकासक फ्लॉपीच्या संहितेत हात घालतो, आणि आपण केलेला बदल बरोबर आहे की नाही हे त्याला कधीच कळत नाही, कारण चालवून पाहावयास यंत्र नसते. संहिता व्याकरणशुद्ध आहे एवढे तपासणारी स्वयंचलित व्यवस्था असते. ती हिरवा कंदील दाखवते. व्याकरणशुद्ध असणे आणि अर्थ लागणे ह्यांतले अंतर आम्ही मराठीच्या लोकांना तरी कोणी समजावून सांगू नये.

दुसरा भाग धोक्याचा. तो सांगण्यासाठी नव्या मुंबईइतकी योग्य जागा नाही. महापे, रबाळे, ऐरोली येथे आज प्रचंड विदा-केंद्रे उभी आहेत. खिडक्या नसलेल्या त्या इमारतींत फ्लॉपी शोधूनही सापडणार नाही. तथापि अशा केंद्रांत एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि आभासी संगणकाला जुन्या खऱ्यासारखे भासवावयाचे तर त्यात आभासी फ्लॉपी-कंट्रोलरही ठेवावा लागे. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' ह्या नावाने एक दोष जाहीर झाला. तो क्यूएमू ह्या आभासी संगणक घडवणाऱ्या आज्ञावलीत होता. कर्नलच्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध नव्हता, पण विषय तोच: फ्लॉपीची विस्मृत संहिता. तीतून शिरून एखादा भाडेकरू आपल्या आभासी संगणकाच्या भिंतीबाहेर पडू शकत होता. हा दोष २००४ पासून तेथे होता. अकरा वर्षे ती ओळ कोणाच्या डोळ्यांखालून गेली नव्हती. व्यवस्थापकाने 'आम्हांस फ्लॉपी नको' असे स्पष्ट सांगितले असले तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे ती संहिता काही ठिकाणी जागीच राहत असे. वापर थांबला तरी दार उघडेच होते.

म्हणून काढून टाकणे हा त्या जगात अपराध मानला जात नाही. टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतले ते इंटेलच्या ३८६ ह्या प्रक्रियकासाठी. तोच त्यांच्या घरच्या संगणकात होता. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. इतर सुधारणांच्या वेळी त्याच्यापायी वर्षानुवर्षे जादा खटाटोप पडत होता, हे कारण. आपण भावुक नाही, असे टोरवाल्ड्स ह्यांनी त्या वेळी लिहिले. २०१८ मध्ये तर एका आवृत्तीत आठ निरनिराळ्या प्रक्रियक-कुळांचा आधार एकदम गेला. पाच लाखांच्या घरात ओळी कमी झाल्या. २००१ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेल्या इटेनियमचा आधार २०२१ मध्ये अनाथ ठरला आणि २०२३ अखेर काढला गेला. ह्यातली एक गोष्ट मात्र आम्हांस फार महत्त्वाची वाटते. काढलेली ओळ पुसली जात नाही. संहितेचा सारा इतिहास जपलेला असतो; कोणी काढली, केव्हा, का, हे तिथे लिहिलेले असते, आणि यंत्र घेऊन कोणी खरा वापरकर्ता आला, सांभाळण्याची हमी दिली, तर ती परत आणता येते.

आता उलट बाजू. मोटोरोलाच्या ६८००० कुळातले प्रक्रियक अमिगा, अटारी अशा १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांत असत. बाजारात त्यांचे नाव राहिलेले नाही. त्यांचा आधार मात्र कर्नलमध्ये टिकून आहे. ती यंत्रे घरी बाळगणारे थोडके हौशी लोक आहेत. ते नवी आवृत्ती आली की आपल्या जुन्या यंत्रावर चालवतात, जे मोडले असेल ते कळवतात, दुरुस्त करतात. इटेनियममागे दोन बलाढ्य कंपन्या होत्या, अमिगामागे काही वेडे लोक. वेडे लोक टिकले. ह्यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष असा की ज्याला आपण 'आधार' म्हणतो तो ओळींत नसतो. ज्याच्या घरी यंत्र आहे आणि जो ते अधूनमधून चालवून पाहतो, त्या माणसाच्या ठायी तो असतो. तो माणूस गेला की ओळी असतातच, आधार नसतो.

हा निष्कर्ष घेऊन आपल्या अंगणात यावे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळा त्यांतली प्रमुख. बाहेरच्या जगाला ते शतकानुशतके वाचता येत नव्हते, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत. परंतु मठांतून ते नकलले जात होते आणि वाचलेही जात होते. पंथ लहान होता, राखण अखंड होती. मोडीची गोष्ट बरोबर उलटी. एके काळी साऱ्या राज्यकारभाराची ती लिपी. पेशवे दफ्तरातले असंख्य कागद तिच्यात आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून उठली. छपाईला बालबोध सोयीची होती, हे कारण खोटे नव्हते, आणि त्या निर्णयाबद्दल गळा काढण्याचा आमचा हेतू नाही. पण मोडी काढताना राखणदार कोण, हा प्रश्न कोणी यादीत लिहून ठेवला नाही. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. आज संगणकाला मोडी 'येते'. दफ्तरखान्यात बसून घाईने लिहिलेला, कानामात्रा गाळलेला कागद सरसर वाचणारी माणसे मात्र अगदी मोजकी आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत बोलावयाचे तर मोडी कर्नलमध्ये आहे. चालवून पाहणारे थोडे आहेत.

साहित्याच्या अध्यापनातही हेच घडते, आणि ते अधिक साळसूदपणे घडते. अभ्यासक्रमात एखादा ग्रंथ वर्षानुवर्षे नेमलेला असतो. त्यावर ठरावीक प्रश्न येतात, ठरावीक उत्तरे लिहिली जातात, मार्गदर्शके खपतात. ग्रंथ मात्र उघडला जात नाही. ही व्याकरणशुद्ध तपासणी, कंदील हिरवा. आणि मग पन्नास वर्षांमागे कोणा संपादकाने पाठभेद चुकीचा घेतला असेल, एखादा शब्द भलताच फोडला असेल, तर ती चूक त्या २००४ च्या ओळीसारखी निवांत पडून राहते, तिच्यावर नवे प्रबंध उभे राहतात. न वाचलेला पण मानाने मिरवणारा ग्रंथ निरुपद्रवी असतो, हा समज आम्ही सोडला आहे. तो खोटी हमी देतो. हे आमच्याकडे आहे, असे तो सांगतो, आणि ते असतेच असे नाही.

ह्यावर आमचे एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "अहो, पण हा तर उपयोगाचा निकष झाला. वापरात नाही म्हणून काढा, हे बाजाराचे म्हणणे. साहित्याला ते कसे लावता?" आक्षेप रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. ग्रंथ यंत्रासारखा झिजत नाही. शंभर वर्षे कोणी न वाचलेली पोथी एक दिवस एका वाचकाच्या हाती पडली तर पुन्हा बोलू लागते. सव्वापाच इंची फ्लॉपीला ही सवलत नाही. म्हणून साहित्यातून काही 'काढावे' असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच की स्थिती खरी लिहावी. 'अनाथ' हा शब्द अपमानाचा नाही. त्या यादीत त्या शब्दाचा अर्थ लावताना पुढे जोडून दिले आहे की ही जबाबदारी कदाचित आपणच घेऊ शकाल. अनाथ म्हटल्याशिवाय कोणी दत्तक घेण्यास येत नाही. आपल्याकडे सारेच 'समृद्ध परंपरा' ह्या एकाच वर्गात असते, आणि ज्याच्या मागे समृद्ध परंपरा उभी आहे त्याला आपल्या तासाभराची गरज आहे असे कोणाच्या मनात येत नाही.

फ्लॉप्यांचे पुढे काय झाले ते सांगणे आवश्यक आहे. ड्रायव्हर चालला. ड्राइव्हचा दिवा लागला, मोटर फिरली, आणि ती खरखर ऐकून खोलीतल्या दोघांपैकी एकालाच जुनी ओळख पटली. बुरशी जपून पुसावी लागली. वाचता येईल ते आधी उतरवून घेऊन अडलेल्या जागी मागाहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी एक आज्ञावली आहे, तिने बरेच काम केले. चौदांपैकी नऊ पूर्ण उतरल्या, तीन अर्ध्यामुर्ध्या, दोन उतरल्या नाहीत. इस्कीचे युनिकोड करण्याची सोय आयसीयू नावाच्या एका मुक्त संग्रहात आहे. नाव ऐकून वहिनी क्षणभर दचकल्या. एकसष्ट धवले हाती आले.

तेथे काम संपले असे आम्हांस वाटले नाही. कारण आता आमच्यापुढे एकसष्ट व्याकरणशुद्ध संहिता होत्या आणि त्या चालवून पाहण्याचे यंत्र आमच्याकडे नव्हते. चाल ठाऊक नाही, कोणता धवला हळदीचा आणि कोणता वरातीचा हे कोठे कोठेच लिहिलेले, काही शब्द टंकनाचे की बोलीचे ते कळेना. करावे गावातल्या एका वयोवृद्ध धवलारणीकडे आम्ही छापील पाने घेऊन गेलो. त्यांना वाचता येत नव्हते, आम्हांस गाता येत नव्हते. आम्ही एक ओळ वाचावी आणि त्यांनी पुढच्या चार म्हणाव्यात, असे चालले. दोन ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, असे नाही. एका ठिकाणी कागदावर नसलेले आख्खे कडवे त्यांनी घातले. काही धवले त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. ते त्यांच्या गावचे नव्हेत, पलीकडच्या गावच्या बाईला विचारा, असे त्यांनी सांगितले. त्या पलीकडच्या गावी जाईपर्यंत ती बाई राहिली नव्हती.

कर्नलच्या जगात आणखी एक रिवाज आहे. एखाद्याने केलेला बदल दुसऱ्या कोणी खऱ्या यंत्रावर चालवून पाहिला, तर त्या बदलाच्या नोंदीत तशी एक ओळ घालतात: अमक्याने तपासले. ही ओळ लिहिणाऱ्याची नसते, पाहणाऱ्याची असते. ज्याने एकही अक्षर लिहिले नाही त्याचेही नाव इतिहासात कायमचे राहते. आपल्या संपादनांत संपादकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, प्रस्तावनाकाराचे तर ठळक असते. ज्याने संहिता कंठातून काढून, कानाने ऐकून, प्रयोग करून ताडून पाहिली त्याच्यासाठी अशी ओळ क्वचितच राखलेली असते.

आम्ही त्या संग्रहात ती जागा केली आहे. प्रत्येक धवल्याखाली एक ओळ आहे, 'गाऊन पाहिले', आणि तिच्यापुढे गाणारीचे नाव, गाव आणि साल. एकसष्टांपैकी तेवीस ठिकाणी ती भरलेली आहे. अडतीस ठिकाणी ओळ रिकामी आहे, आणि ती तशीच छापावी असा आमचा आग्रह आहे. न उतरलेल्या दोन फ्लॉप्या पेटीत ठेवल्या आहेत. त्यांच्याही नोंदी संग्रहाच्या शेवटी आहेत, पुढे 'अनाथ' असा शब्द घालून.